पिकअपवर कॅम्पर उभारताय? या चुका टाळा

पिकअपच्या हौद्यावर कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची छोटी खोली, बसवून सहकुटुंब फिरायला निघण्याची हौस आता मराठवाड्यातही रुजली आहे आणि तिच्याबरोबर जळालेली वायरिंग, काजळीने भरलेले हिटर आणि बसलेले पाटे घेऊन माझ्या वर्कशॉपच्या दारात येणाऱ्या गाड्याही वाढल्या आहेत. गाडी बोलेरो पिकअप असो, योद्धा असो वा व्ही-क्रॉस, चुका त्याच असतात आणि त्यांचे मूळही एकच असते. जे डोळ्यांना दिसते त्यावर सढळ हाताने खर्च होतो आणि जे फळीमागे झाकले जाणार आहे त्यात काटकसर होते. सनमायकाचा रंग ठरवायला घरातली सगळी माणसे बसतात. वायर किती जाडीची घ्यायची हे मात्र दुकानदारावर सोडून दिले जाते.

फ्यूज आहे, पण चुकीच्या टोकाला

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती करणाऱ्याला आपण सुरक्षितता पाळली असेच वाटत असते. परभणीकडच्या एका बागायतदारांची पिकअप कन्नडच्या घाटातून टोचन करून माझ्याकडे आणली गेली होती. चाळीसगावकडे उतरताना कॅम्परमधून धूर येऊ लागला, गाडी कडेला घेतली, गादीचा एक कोपरा जळाला आणि सुदैवाने माणसांना काही झाले नाही. वायरिंग त्यांच्या मुलाने व्हिडिओ पाहून स्वतः केली होती. तो जरा दुखावूनच म्हणाला, "काका, फ्यूज लावला होता की. हा बघा, अजून शाबूत आहे."

"शाबूत आहे, तीच तर तक्रार आहे," मी म्हणालो.

बॅटरी हौद्याच्या पुढच्या भागात, केबिनला लागून होती आणि 1000 वॅटचा इन्व्हर्टर मागच्या दाराजवळ. दोहोंच्या मध्ये सुमारे तीन मीटर वायर, तीही घरगुती वायरिंगची, 4 चौरस मिलिमीटरची, पत्र्याला पाडलेल्या उघड्या भोकातून ओढलेली. फ्यूज इन्व्हर्टरच्या तोंडाशी होता. 12 व्होल्टवर 1000 वॅट ओढायचे म्हणजे सरळ भागाकारानेच 83 अँपिअर होतात आणि इन्व्हर्टरमधली तूट धरली तर आकडा पंचाण्णवच्या आसपास जातो. 4 चौरस मिलिमीटरची वायर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला गरम होऊ लागते. गरम होऊन मऊ पडलेले आवरण पत्र्याच्या धारेवर घासत राहिले आणि घाटातल्या हादऱ्यांनी उरलेले काम केले. वायर चेसिसला टेकली ती फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, त्यामुळे शॉर्टचा करंट फ्यूजपर्यंत पोहोचलाच नाही. बॅटरी सुटी करायला दहा नंबरचा पाना लागत होता आणि पाना बॅगांखाली गाडलेल्या टूलबॉक्समध्ये होता. शेवटी वायर स्वतःच वितळून तुटली म्हणून आग थांबली.

फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसला पाहिजे आणि त्याचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा असता कामा नये. माझी सवय अशी आहे की 1000 वॅटच्या इन्व्हर्टरला 35 चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल आणि 125 अँपिअरचा मेगा फ्यूज देतो, त्याला लागूनच हाताने फिरवता येणारा मुख्य स्विच बसवतो, आणि केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारे कडे) घातल्याशिवाय पुढचे काम हाती घेत नाही. लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा डोळा, हातोडीने ठोकून बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. षट्कोनी दाब देणाऱ्या क्रिम्पिंग पक्कडीने तो दाबावा आणि मग अंगातल्या सगळ्या ताकदीने ओढून पाहावा. प्रत्येक नट आवळल्यावर त्यावरून बोल्टपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. आमच्याकडच्या रस्त्यांवर काहीशे किलोमीटर झाले की गाडी परत बोलावतो. रेघ तुटलेली दिसली तर नट सैल झाला हे बॅटरीला हात न लावता कळते.

ऋण टोकासाठी हौद्याच्या रंगवलेल्या बोल्टवर विसंबू नये. स्वतंत्र केबल बॅटरीपर्यंत परत आणावी.

आधी बॅटरी, मग हिशेब

हा उलटा क्रम सर्रास दिसतो. हिशेब अवघड नाही. कॉम्प्रेसरचा 45 वॅटचा छोटा फ्रिज मे महिन्याच्या उकाड्यात निम्म्याहून जास्त वेळ चालू राहतो, म्हणजे चोवीस तासांत साधारण 650 वॅट-तास. त्यात रात्रभराचा पंखा, दिवे आणि मोबाइल धरले की बेरीज नऊशेच्या घरात जाते. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर 1200 वॅट-तासांची असली तरी तिचे आयुष्य राखायचे तर त्यातले निम्मेच वापरावेत, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी हात टेकते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे हजार वॅट-तास देऊ शकते, पण तिला गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या जनित्राला) थेट जोडू नये. ती रिकामी असताना इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून बसतो. मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. अनेक बीएस-6 गाड्यांत इंजिनचा संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज स्वतः खालीवर करत असल्याने दोन्ही बॅटऱ्या नुसत्या जोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रिलेवर बॅटरी पुरती भरतही नाही.

सोलरबाबत एक अडचण खास आमच्या भागाची आहे. छतावर आडव्या बसवलेल्या 200 वॅटच्या पॅनेलमधून निरभ्र दिवशी सातशे-साडेसातशे वॅट-तास मिळतात, परंतु एप्रिल-मेमध्ये 42 अंशांच्या उन्हात गाडी उघड्यावर कोणी उभी करत नाही, ती कडुनिंबाच्या सावलीत जाते आणि पॅनेल शोभेपुरते उरते. म्हणून मी निम्मे पॅनेल छतावर आणि निम्मे घडीचे, जाड वायरच्या लांब शेपटासह, उन्हात मांडता येईल असे सुचवतो. छतावरच्या पॅनेलखाली हवा खेळायला दोन बोटे मोकळी जागा सोडावी, कारण सेलचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन साधारण 0.4 टक्क्याने घटते आणि आमच्या उन्हात सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतो.

इंडक्शन शेगडी बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरू नये. एसीचाही.

हिटर: कुठे लागतो आणि कसा मारतो

मराठवाड्यात फिरण्यासाठी हिटर लागत नाही. परभणीत पारा एक अंकी उतरला तरी दोन गोधड्या आणि छताला पफ पॅनेल (उष्णता अडवणारे फोमचे पॅनेल) एवढ्याने रात्र निभावते. तेच पफ पॅनेल उन्हाळ्यातही कामाला येते. ज्यांना लेह किंवा स्पितीला जायचे आहे त्यांनीच डिझेल हिटरचा विचार करावा, आणि करावा तो निघायच्या दोन महिने आधी. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात येऊन "भाऊ, तेवढा हिटर बसवून द्या, बाकी सगळं झालंय" म्हणणाऱ्यांना मी आता सरळ परत पाठवतो.

पहिली चूक मोठा हिटर घेण्याची. दोन माणसांच्या कॅम्परला 2 किलोवॅट पुरतात. 5 किलोवॅटचा घेतला की तो सतत मंद आचेवर चालतो आणि ज्वलनकक्षात काजळी साचते. वर लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर असल्याने तिथली विरळ हवा तेवढ्या डिझेलला पुरत नाही आणि काजळी दुप्पट वेगाने धरते. उंचीप्रमाणे इंधन कमी करण्याची सोय असलेलाच हिटर घ्यावा आणि बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो पूर्ण क्षमतेवर चालवावा. बंदही त्याच्या बटणानेच करावा. मुख्य स्विच पाडला तर थंड करणारा पंखा मध्येच थांबतो आणि आतली उष्णता तिथल्या भागांनाच जाळते. लातूरच्या एका गृहस्थांनी रोज रात्री बॅटरी वाचवण्यासाठी नेमके हेच केले आणि परत आल्यावर कंपनीच्या नावाने बोटे मोडली. हिटर उघडला तेव्हा आतली जाळी बोटाला काळी लागत होती आणि बर्नरचे तोंड निम्मे बुजलेले होते.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून घ्यावी, धुराची नळी गाडीच्या बाजूपर्यंत न्यावी, खिडकीखाली किंवा हौद्याच्या फटीखाली सोडू नये, आणि झोपतो त्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅसची चूल ऊब म्हणून आत पेटवून झोपणे याला माझ्याकडे चूक हा शब्द नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर ती तळाशी साठते, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाला, गाडीबाहेर उघडणारे छिद्र ठेवावे.

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. थंड प्रदेशात ती उबदार भागातच ठेवावी. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते तिथे पोहोचल्यावर भरावे.

सामान आणि वजन

घरचे सुतार 19 मिलिमीटरच्या प्लायचे कपाट करतात आणि 8 बाय 4 फुटांची अशी एक फळी तीस किलोंच्या वर भरते. चार-पाच फळ्या, साठ लिटर पाणी, बॅटरी, माणसे यांची बेरीज कोणी करत नाही. मोंढ्याजवळ किंवा जिनिंगजवळ वजनकाटा असतोच; मी भरलेली गाडी आधी पूर्ण आणि मग फक्त मागचा आस काट्यावर घेऊन तोलतो आणि आकडे आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहतो. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनला लागून, खाली. आसाच्या मागे जड काही नको. खिळे हादऱ्यांनी वर येतात, त्याऐवजी नायलॉक नटाचे (आत नायलॉनचे कडे असल्याने सैल न होणाऱ्या नटाचे) बोल्ट वापरावेत. खणांना दाबून उघडणारी कडी हवी, चुंबक घाटात कामाचे नाहीत.

धुळीवर इलाज म्हणून लोक मागच्या दाराला रबरावर रबर चिकटवतात आणि तरी भांड्यांवर थर बसतोच, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होऊन धूळ आत ओढली जाते. छतावर पुढच्या बाजूला तोंड असलेली, फिल्टर लावलेली एक छोटी झडप उघडी ठेवली की आतला दाब वाढतो आणि फटीतून हवा बाहेर जाऊ लागते. दारावरचे रबर त्यानंतर तपासावे.

राहिला कागदाचा प्रश्न. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केले आहे. तेव्हा हौदा कापण्याआधी, पत्र्याला पहिले भोक पाडण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारणा करावी, जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पोच घ्यावी.