एसएटीचं ग्रामर: कानावर नको, वाक्याच्या रचनेवर भरवसा ठेवा

अमेरिकेत अंडरग्रॅडला जायचं म्हणून एसएटी देणारी आपली बरीच मुलं मॅथ्सवर जीव तोडून मेहनत घेतात आणि ग्रामरचे प्रश्न मात्र 'ऐकायला बरोबर वाटतंय ना, मग लाव' असे सोडवतात, आणि मार्क जातात ते तिथेच. इंग्लिश मीडियमची मुलंसुद्धा हेच करतात बरं का.

आधी पेपर बघा. आता एसएटी डिजिटल आहे, रीडिंग अँड रायटिंगचे दोन मॉड्यूल, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. साधारण पाव भाग निव्वळ ग्रामर आणि विरामचिन्हांचा असतो. पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं, म्हणून सुरुवातीच्या सोप्या चुका महागात पडतात. यातली चांगली गोष्ट ही की नियम मोजकेच आहेत आणि तेच ते फिरून येतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती कर्ता आणि क्रियापदाची, आणि तिचं कारण मराठीत आहे असं मला मनापासून वाटतं. आपण म्हणतो 'भावांनी लिहिलेल्या पत्रांचा संग्रह म्युझियममध्ये आहे', म्हणजे सगळी विशेषणं आधी येऊन जातात आणि 'संग्रह' हा शब्द त्यांच्यानंतर, क्रियापदाच्या बाजूला येतो. इंग्लिशमध्ये उलटं, 'द कलेक्शन ऑफ लेटर्स रिटन बाय हर ब्रदर्स', आणि पुढे रिकामी जागा. कानात शेवटचं 'ब्रदर्स' घुमत असतं म्हणून हात 'आर'कडे जातो, पण कर्ता 'कलेक्शन' आहे, उत्तर 'इज'. उपाय एकच, 'ऑफ'पासून पुढचं सगळं मनात खोडायचं आणि उरलेलं वाचायचं.

दुसरी चूकही आपल्याच सवयीची. 'शाळेत जाताना पाऊस सुरू झाला' हे मराठीत एकदम ओके, कोण जात होतं ते समोरच्याला कळतं. इंग्लिशमध्ये 'वॉकिंग टू स्कूल, द रेन स्टार्टेड' म्हटलं की पाऊसच शाळेत निघाला असा अर्थ होतो. वाक्य अशा तुकड्याने सुरू झालं की विचारा, हे काम करतंय कोण? कॉमानंतर लगेच तोच पाहिजे. इथे एक हमखास सापळा असतो: 'वर्किंग इन पॅरिस, मेरी क्युरीज रिसर्च...' असा ऑप्शन देतात, नाव दिसतं म्हणून मुलं तोच लावतात, पण तिथे कर्ता रिसर्च आहे, मेरी क्युरी नाही, आणि पॅरिसमध्ये काम ती करत होती, रिसर्च नव्हे.

आता कॉमा. आपण टाइप करताना कॉमा टाकत टाकत चार वाक्यं जोडतो (मी पण इथे तेच करतोय), एसएटीत ते चालत नाही. 'दे डिस्कव्हर्ड रेडियम इन 1898, द डिस्कव्हरी चेंज्ड फिजिक्स' ही दोन पूर्ण वाक्यं आहेत, मध्ये नुसता कॉमा चूक. फुलस्टॉप द्या, सेमीकोलन द्या, नाहीतर कॉमाबरोबर 'अँड' द्या. यातून एक शॉर्टकट निघतो: दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये फुलस्टॉप आणि सेमीकोलन सारखंच काम करतात, त्यामुळे दोन ऑप्शनमध्ये फरक फक्त तेवढाच असेल तर दोन्ही उडवा. कोलनच्या आधी मात्र पूर्ण वाक्य हवंच, नंतर यादी असो की एकच शब्द.

श्वास घ्यायला थांबतो तिथे कॉमा, हे शाळेतलं विसरा. कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा कधीच नाही. मधे जादा माहिती घुसवली असेल तर दोन्ही बाजूंना सारखंच चिन्ह, एकीकडे डॅश आणि दुसरीकडे कॉमा चालत नाही. आणि 'नॉव्हेलिस्ट टोनी मॉरिसन' असं नावाआधी नुसतं पद आलं, 'अ' किंवा 'द' नसेल, तर तिथे कॉमा नको, हा प्रश्न फार विचारतात.

अपॉस्ट्रॉफीचं 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज', जागेवर ठेवून वाचा, जमलं नाही तर बिनअपॉस्ट्रॉफीचं. काळाचा प्रश्न आला तर पॅसेजमधली बाकीची क्रियापदं आणि सालं बघा.

प्रॅक्टिससाठी ब्लूबुक अ‍ॅपवर कॉलेज बोर्डाच्याच (एसएटी घेणारी संस्था) फुल टेस्ट फुकट आहेत, खान अकॅडमीवरही फुकट सराव आहे, आधी ते संपवा आणि मग क्लासच्या फीचा विचार करा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कुठला नियम चुकला तो वहीत लिहा, नुसतं 'सिली मिस्टेक' लिहू नका. दोन-तीन टेस्टनंतर तेच दोन नियम परत परत दिसायला लागतील, पुढचा आठवडा फक्त त्या दोघांवर घालवा. आणि परीक्षेत वेळ संपत आला तर एकही प्रश्न कोरा सोडू नका, निगेटिव्ह मार्किंग नाहीये.