प्राणिसंग्रहालयात कीपरचं काम करताय? या चुका टाळा

नवा माणूस घाबरलेला असतो, म्हणून तो प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघतो. खरा धोका हात सरावल्यावर सुरू होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वाघ आत गेलाय असं धरून बाहेरच्या भागात झाडू घेऊन शिरणं. सरकत्या दाराचा आवाज आला म्हणजे दार लागलं असं नसतं. रुळात हाडाचा तुकडा अडकला तरी दार चार बोटं उघडं राहतं, आणि मोठ्या मांजराला पंजा घालायला तेवढं पुरतं. म्हणून प्राणी आत घेतला की दार सारा, कुलूप लावा, ते ओढून बघा आणि मग आतले प्राणी डोळ्यांनी मोजा. तीन असतील तर तिन्ही दिसलेच पाहिजेत. ‘तिसरा कोपऱ्यात झोपला असेल’ असं मनात आलं तर पाऊल पुढे टाकू नका. जोडीदाराला ‘लावलं ना?’ विचारून त्याच्या ‘हो’वरही जाऊ नका. जो आत शिरणार त्यानेच कुलूप तपासायचं, मग समोरचा कितीही जुना असो. दुहेरी दार असेल तर पहिलं बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, दोन्ही हातांत बादल्या असल्या तरी.

प्राणी संध्याकाळी आत यायलाच तयार नसेल तर पाण्याचा पाइप मारून त्याला हाकलू नका. आज येईल, उद्यापासून दारापाशी फिरकणार नाही. बहुतेक वेळा त्याचं गणित साधं असतं: आत गेलो की कोंडला जातो. दिवसातून एक-दोनदा आत बोलवा, आवडीचा घास द्या आणि लगेच पुन्हा बाहेर सोडा. वेळ लागतो, पण दाराची धास्ती जाते.

दुसरी मोठी गफलत नोंदवहीत होते. रोज ‘ठीक आहे’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. जंगलात दुबळा दिसला तो शिकार झाला, त्यामुळे प्राणी आजार लपवतात. लंगडणं किंवा धाप दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण उरलेल्या खाण्यात आणि विष्ठेत सापडते. ‘चाऱ्यातला साधारण अर्धा भाग सोडला, लेंड्या नेहमीपेक्षा लहान व कोरड्या’ असं लिहिलं तर डॉक्टरांना काहीतरी हाती लागतं. कळपात तर रिकामी गव्हाण फसवते. दांडगा नर सगळं फस्त करतो आणि खालच्या दर्जाची मादी उपाशी राहते. चारा दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब ठेवा.

खाऊ घालण्यातल्या चुका प्रेमापोटीच जास्त होतात. बछड्यांना ‘चांगलं’ म्हणून हाडाशिवायचं लुसलुशीत मांस दिलं जातं. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. वाढत्या वयात असंच चाललं तर हाडं मऊ पडतात आणि साध्या उडीत मोडतात. गोठवलेल्या मासळीवर ठेवलेल्या सीलना, पेंग्विनना जीवनसत्त्व ब-1 वेगळं द्यावं लागतं, कारण साठवणीत ते घटतं आणि काही माशांतलं एन्झाइमही ते नष्ट करतं. सरड्यांच्या पिंजऱ्यातला यूव्ही-बी (अतिनील किरणांचा) दिवा चालू दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. उजेड तसाच राहतो, किरण मात्र काही महिन्यांत क्षीण होतात. मध्ये साधी काच असेल तर ते जवळजवळ पोचतच नाहीत.

सफाईत फिनाईल सगळीकडे ओतायची सवय असते. मांजर कुळातल्या प्राण्यांना फिनॉलवर्गातली रसायनं शरीराबाहेर टाकणं जड जातं, म्हणून त्यांच्याकडे ती नकोतच. ब्लीच वापरायचं असेल तर आधी मूत्र पाण्याने धुऊन काढा, कारण अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. शेणमाती खरवडल्याशिवाय मारलेलं जंतुनाशक वायाच जातं, हे वेगळं सांगायला नको.

अस्वल एकाच वाटेवर येरझाऱ्या घालतंय? लगेच चेंडू टाकून मोकळं होऊ नका. आधी वेळ टिपा. खाण्याच्या तासभर आधीच होत असेल तर ते तुमची वाट बघतंय. वेळा बदला, खाणं पसरून, लपवून द्या. दिवसभर चालत असेल तर जागा, सोबत, दुखणं, सगळंच तपासावं लागेल. आणि महिनोन्‌महिने पडून असलेला चेंडू प्राण्याच्या लेखी दगडासारखाच.

ओठावर हर्पीसचा फोड आला असेल तर मार्मोसेट या छोट्या माकडांच्या जवळ जाऊ नका, सुट्टी मागा किंवा काम बदलून घ्या. आपल्याला किरकोळ वाटणारा हा विषाणू त्या माकडांचा जीव घेतो.

शेवटचं, हरीण कुंपणाबाहेर निसटलं तर. आरडाओरडा करत मागे धावणं हीच पहिली प्रतिक्रिया असते आणि तीच घातक ठरते. जिवाच्या आकांताने पळालेल्या हरणाचे स्नायू आतून झिजतात. पकडलं तेव्हा धडधाकट दिसलेलं हरीण काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. वरिष्ठांना आणि डॉक्टरांना कळवा, लोकांना लांब करा, कळप बिथरणार नाही अशा बेताने त्याच्या वाड्याचं दार उघडून आत चारा टाका आणि मागे सरा.