भावाच्या रकान्यात ‘शिल्लक’

डिप्लोमानंतर सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसात लागलो, तेव्हा माझ्या वाट्याला आला तो मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानाचा प्रोग्राम. लॉट, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याची पट्टी. सगळं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या ५.६ आवृत्तीत. त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या डिसेंबरातच थांबलं होतं, पण प्रोग्राम चालत होता, मग हात कोण लावणार? ते काम अर्थातच नव्या पोराकडे आलं. थेट ८.१ वर न्यायचं ठरलं.

मी आधी काय वाचलं असेल? नवीन काय आलंय ते. ८.० मध्ये जेआयटी (‘जस्ट इन टाइम’, कोड चालता चालता वेगवान करायची सोय) आलंय कळल्यावर मालकांना छातीठोकपणे सांगितलं, प्रोग्राम दुप्पट वेगानं पळेल. मग मोजून बघितलं. जेआयटीनं पडलेला फरक शून्य. पीएचपीचं इंजिन आपल्या फाइलचे आधी ऑपकोड, म्हणजे छोट्या छोट्या आज्ञा, बनवतं आणि ते एकेक करून चालवतं. जेआयटी त्यातल्या काहींचा थेट प्रोसेसरच्या भाषेत अनुवाद करतं. आकडेमोडीचं मोठं काम असेल तर त्याचा फायदा होतो. आमचा वेळ जात होता डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात. (आणि जेआयटी मुळात बंद असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं, हेही मला नंतर कळलं.) खरा वेग वाढला होता तो २०१५ च्या ७.० मध्ये, इंजिनाची आतली मांडणी बदलली तेव्हा. एका व्हेरिएबलला (प्रोग्राममध्ये किंमत साठवायच्या कप्प्याला) लागणारी २४ बाइट जागा १६ वर आली. आम्हाला तो फायदा काही न करता मिळाला.

जुनी काढून टाकलेली फंक्शनं फारसा त्रास देत नाहीत. मायएस्क्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं ७.० मध्ये गेली, यादीतून एकेक नोंद काढणारं ‘ईच’ ८.० मध्ये गेलं. प्रोग्राम तिथेच अडतो, लाल अक्षरात ओरडतो, आपण दुरुस्त करतो. दोन दिवसांत ते उरकलं.

प्रोग्राम ८.१ वर चालू केला. सौद्याच्या दिवशी संध्याकाळी दुकानातले दिवाणजी काका फोनवर म्हणाले, “अरे बाबा, जो माल गोदामात पडलाय, तो तुझा कॉम्प्युटर विकला म्हणतोय!”

स्क्रीनवर एकही चूक दिसत नव्हती. रात्री शोधता शोधता सापडलं. लॉट विकला नाही की काका भावाच्या रकान्यात ‘शिल्लक’ टाइप करायचे आणि कोडमध्ये तपासणी होती ‘भाव शून्य आहे का’, दोन बरोबरच्या खुणा वापरून. पीएचपी ७ पर्यंत मजकूर आणि आकडा यांची तुलना करताना मजकुराचाच आकडा केला जाई. ‘शिल्लक’चा आकडा शून्य, म्हणून उत्तर ‘हो’, म्हणजे लॉट विकलेला नाही. ८.० पासून मजकूर आकड्यासारखा नसेल, तर उलट आकड्याचाच मजकूर करून तुलना होते. ‘शिल्लक’ आणि ‘०’ वेगळे, उत्तर ‘नाही’, लॉट विकलेल्यांच्या यादीत. रिकाम्या रकान्याचंही तेच. म्हणजे वर्षानुवर्षं आमचा प्रोग्राम एका चुकीच्या नियमावर बरोबर चालला होता. नवा नियमच शहाणा आहे, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

म्हणून सांगतो, आवृत्ती बदलायचं काम आलं तर पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत ‘जुन्याशी न जुळणारे बदल’ हे पान आधी उघडा. नवलाई नंतर. आणि ५.६ वरून थेट ८ वर उडी मारू नका, मध्ये ७.४ वर थांबा, पीएचपी देतं त्या सगळ्या इशाऱ्याच्या सूचना चालू ठेवा आणि त्या संपवून पुढे जा. तरी माझी चूक त्यातून निसटलीच असती, कारण ती सूचना देतच नाही. त्यावर उपाय एकच: एका जुन्या सौद्याचा सगळा डेटा दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचा आणि अहवाल ओळीला ओळ लावून बघायचे. आम्ही आता असंच करतो.

नवलाईतलं मला खरंच उपयोगी पडलं ते ८.० मधलं ‘मॅच’. अनेक पर्यायांतून एक निवडायची जुनी रचना ‘स्विच’, ती दोन बरोबरच्या खुणांसारखी ढिली तुलना करते. ‘मॅच’ प्रकारासकट तपासतं आणि कुठलीच बाजू जुळली नाही तर गप्प न बसता चूक फेकतं. लॉटची स्थिती आता वेगळ्या रकान्यात आहे, ८.१ च्या ‘एनम’मध्ये, म्हणजे ठरलेल्या पर्यायांच्या यादीत, बांधलेली: विकला, शिल्लक, परत नेला. काका यादीतून निवडतात. भावाच्या रकान्यात अक्षर टाइपच होत नाही, याबद्दल पहिला आठवडाभर त्यांनी मला बरंच ऐकवलं.