कोकणातली छोटी संग्रहालयं आणि बागा घरच्यांसोबत पाहताय? या चुका टाळा

कोकणात सहकुटुंब गेलेल्यांचा दिवस समुद्र, देऊळ आणि जेवण यांतच संपतो. संग्रहालय किंवा बाग वाट्याला येते ती उरल्यासुरल्या वेळात, भर दुपारी, पोटं जड झालेली आणि मुलं कंटाळलेली असताना. मग दहा मिनिटांत "इथे काहीच नाहीये" म्हणत सगळे गाडीत येऊन बसतात. मला हे फार खटकतं. या जागा लहान आहेत, तिथे माणसं कमी आहेत, पाट्यांवरची माहिती तोकडी आहे. पण प्रत्येक ठिकाणी एखादी गोष्ट अशी असते, की तिच्यासाठीच वाट वाकडी करावी. ती कोणती, हे आधी ठाऊक नसेल तर हाती काही लागत नाही. रत्नागिरी आणि सावंतवाडी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय, कारण नेहमीच्या बहुतेक चुका या दोन गावांत पाहायला मिळतात.

गोष्ट न सांगता आत शिरणं

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये मुलं तलवारी आणि सिंहासन शोधत शिरतात. समोर येतात मोठी दालनं, सागवानी काम, रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या. राजाची हकिगत माहीत नसेल तर तो फक्त एक जुना बंगला उरतो. म्हणून ती आदल्या रात्री नाहीतर गाडीत सांगून टाका.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, त्याला गादीवरून उतरवलं आणि कुटुंबासह इकडे आणलं. १८८६ पासून तो रत्नागिरीत होता. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये, म्हणजे राजाला येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्याही आधी, १८५७ च्या उठावानंतर, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवलं होतं आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात. राजाला त्याच्या माणसांपासून समुद्रापलीकडे तोडायचं, ही रीत मुलांना चटकन कळते.

दुसरी चूक याच्याच पोटातली. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आणि थिबा पॅलेस ही दोन वेगळी ठिकाणं समजून लोक एक आज आणि एक उद्या करतात, किंवा एक गाळूनच टाकतात. टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीतला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी काढली मंडालेच्या तुरुंगात, १९१४ पर्यंत. म्हणजे त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकलेला होता आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत. एकाच सकाळी आधी टिळकांचं घर पाहा आणि तिथून पॅलेसवर जा. पॅलेसच्या आवारात उभं राहून मुलांना विचारा, मंडाले कुठल्या दिशेला असेल? दहा-बारा वर्षांची मुलं यावर बराच वेळ बोलतात. वाड्यातली प्रत्येक वस्तू पाहिलीच पाहिजे, हा आग्रह मग आपोआप सुटतो.

वार आणि वेळ न बघणं

थिबा पॅलेससारखी सरकारी संग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार गर्दी नको म्हणून सोमवारची रजा काढून येणारी मंडळी नेमकी इथे फसतात. कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रं ही मुळात कचेऱ्या आहेत, त्यामुळे तिथे उलट रविवार आणि सणांच्या सुट्ट्यांचीच आधी चौकशी करावी लागते. आणि कोकणात दुपारची विश्रांती आजही पाळली जाते, एखादा माणूस सगळं सांभाळत असेल तिथे तर हमखास. मोबाइलच्या नकाशात "उघडं" असं दिसलं म्हणजे दार उघडं असेलच असं नाही. फोन करा; फोन लागला नाही तर मुक्कामाच्या घरमालकांना विचारा, गावातल्या माणसाला ते बरोबर ठाऊक असतं.

दार बंदच मिळालं तर? रत्नागिरीत थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे. गोष्ट आधी सांगून झाली असेल तर तेवढ्यानेही सकाळ वाया जात नाही.

वेळेचं आणखी एक. बाग सकाळी, संग्रहालय त्याच्यानंतर, समुद्र उन्हं कलल्यावर. बहुतेक घरं याच्या बरोबर उलट करतात: सकाळी पाण्यात खेळून दमतात आणि दुपारी दोनला बागेत जातात. एप्रिल-मेमधल्या दमट उकाड्यात ते आजी-आजोबांना सोसत नाही. बागेत संध्याकाळ करू नका, डास फोडून काढतात.

बागेत नुसतं फिरून परतणं

भाट्याच्या किनाऱ्याला लागूनच कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ सालचं. इथे गेल्यावर लोक झाडांसमोर फोटो काढतात आणि सुरूच्या बनाकडे वळतात. थांबा जरा. नारळाच्या खोडावर जे आडवे वळे दिसतात, ते गळून पडलेल्या झावळ्यांचे वण. चांगल्या वाढलेल्या माडाला महिन्याला साधारण एक झावळी येते, म्हणजे बारा वळे म्हणजे अंदाजे एक वर्ष. मुलांना आपल्या वयाएवढं खोड मोजायला सांगा. मग वर बघायला सांगा. प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा, येते आणि फळ पक्व व्हायला जवळपास वर्ष लागतं, त्यामुळे एकाच माडावर नुकती उमललेली पोय, सुपारीएवढी बोंडं, शहाळी आणि सुकत आलेले नारळ असे वर्षभराचे सगळे टप्पे एकत्र दिसतात. हे पाच मिनिटांत बघून होतं आणि मुलं परत आल्यावर घराशेजारचे माडही मोजायला लागतात.

याच केंद्राने "लाखी बाग" ही कल्पना शेतकऱ्यांपर्यंत नेली: माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, लवंग, खोडावर चढवलेली काळी मिरी, सोबत केळी-अननस. घरात मसाल्याच्या डब्याशी जिचा रोजचा संबंध, त्या आजीला इथे पुढे करा. झाडावर पिकून फुटलेलं जायफळ दिसलं तर पिवळसर सालीच्या फटीतून आतली लालभडक जायपत्री आणि तिच्याखालचं काळपट बी दिसतं. मसाल्याचे दोन पदार्थ एका फळात. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून खाली पडलेलं दालचिनीचं पान चुरून हुंगायला द्या. स्वतः तोडू मात्र नका, ती प्रयोगाची झाडं असतात, एक फळ गेलं तरी कुणाची तरी नोंद बिघडते.

इथे काही गोष्टी खरोखर सांभाळायच्या आहेत. पिकलेले नारळ धरलेल्या माडाखाली चटई टाकून बसू नका, गाडीही लावू नका. ओल्या काजूबीच्या सालीत तेल असतं, ते कातडीला भाजतं. मुलं बोंडासोबत बीही चावायला बघतात. लागलंच तर साबणाने लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लागू देऊ नका. आंब्याच्या देठाच्या चिकाचंही तसंच. पावसाळा सरल्यावर कुंपणावर खाजकुयलीच्या शेंगा लटकतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी पसरते. चिकटपट्टीने टिपून घ्या, कपडे बदला, मग धुवा.

एका दिवसात सगळं कोंबणं

रत्नागिरीहून गणपतीपुळे किनाऱ्याच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर, पण वाटेत आरे-वारेच्या किनाऱ्यावर गाडी थांबतेच. मालगुंड तिथून अगदी जवळ, केशवसुतांचं गाव. त्यांचा जन्म १८६६ चा. स्मारकात त्यांचं कौलारू घर जपलं आहे. जमीन शेणाने सारवलेली, म्हणून चपला बाहेर काढायच्या; आजी-आजोबांना उंच उंबरठा ओलांडायला हात द्या. मुलांना इथे कवितेपेक्षा आधी घर कळतं: जुनी भांडी, अंधारी खोली, ओटी. ते आधी कळू द्या. गणपतीपुळ्यातलं "प्राचीन कोकण" हे उघड्यावरचं संग्रहालय, तिथे माहिती सांगणारा माणूस सोबत असतो. त्याच्या पुढे पळू नका, सगळी मजा त्याच्या सांगण्यात आहे. पुळे-मालगुंडला एक अख्खा दिवस द्या आणि रत्नागिरी शहराला दुसरा.

शहरात लहान मुलं असतील तर मत्स्यालय चुकवू नका. देवमाशाचा सांगाडा बघून चिमुरडीही गप्प होतात. काचेवर टकटक आणि फ्लॅश, दोन्ही बंद.

सावंतवाडीत राजवाडा बघायचा तो गंजिफ्यासाठी. गोल, हाताने रंगवलेली पत्त्यांची पानं. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण एकशेवीस. "मत्स्य कुठाय, कूर्म कुठाय" असा शोध लावून दिला की सहा वर्षांचं पोरही रमतं. फोटो विचारून काढा. लाकडी फळं घ्यायला नंतर चितारआळीत जा.

पावसात उन्हाळ्याचीच तयारी

जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की चांगल्या बुटांनीही पाय सरकतो. वयस्कर माणसांना एका बाजूने धरूनच उतरवा. वाऱ्यात छत्री टिकत नाही, रेनकोट हवेत. जुन्या वाड्यांत उजेड मुळात कमी, त्यात वीज जाते, म्हणून लहान बॅटरी ठेवा. तिकिटं थोड्या पैशांची असतात आणि रेंज गेली की ऑनलाइन पैसे अडकतात, तेव्हा दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा हव्यात. स्वच्छतागृह असेलच असं धरून चालू नका, मुक्कामावरून निघतानाच सगळ्यांना आठवण करा.

रोपं पहिल्याच दिवशी घेणं

रोपवाटिकेतून माडाचं रोप किंवा हापूसचं कलम घ्यायचं असेल तर शिल्लक आहे का ते आधी विचारून ठेवा आणि उचला ते परतीच्या दिवशी. दोन-तीन दिवस डिकीत तापलेलं कलम घरी पोचेपर्यंत माना टाकतं. प्रवासात ते पायांशी, सावलीत, पिशवीतली माती फुटणार नाही असं टेकवून ठेवा. घरी गेल्यावर लगेच खड्ड्यात घालू नका. आठ-दहा दिवस सावलीत राहू द्या, आणि लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहील एवढं बघा.