हुरडा, लॉन आणि नर्सरीवाले: सांगलीत बागेत वर्षअखेरची पार्टी कशी घ्यायची

पहिल्या वर्षी आम्ही लॉनवरच आगटी पेटवली. सगळे नर्सरीवाले, लॉन लावून देणारे, त्यातले दोघं तर बंगलेवाल्यांना "ताई, पहिले पंधरा दिवस लॉनवर पाय पण ठेवू नका" असं सांगून पैसे घेणारे, आणि आम्हीच सार्वजनिक बागेतल्या हिरव्यागार लॉनवर गोवऱ्या रचून हुरडा भाजला. दुसऱ्या दिवशी तिथं परातीएवढा काळा गोल. उन्हाळ्यापर्यंत दिसत होता तो, आणि तिथले माळीमामा मी दिसलो की काही न बोलता नुसतं त्या गोलाकडं बघायचे.

तेव्हापासून आमच्या संघटनेचा हा कार्यक्रम माझ्याच गळ्यात आहे. नर्सरीवाले, कुंड्यावाले, कोकोपीटवाले, खतदुकानदार, चारदोन द्राक्षबागायतदार असे सगळे मिळून शंभरेक माणसं होतात. तुमच्या गावात कुणी असलं काही ठरवत असेल तर आमच्या चुका फुकट घ्या, नवीन तुमच्या तुम्ही करा.

आधी तारीख. हे वाटतं तेवढं सोपं नाही. रविवार नको, कारण रविवारी आपल्या नर्सरीत गिऱ्हाईक असतंय आणि बागेत पोराबाळांची गर्दी. 24 तारखेपर्यंत आपली ख्रिसमस ट्रीची विक्री चालू असते (विकतो आपण अ‍ॅरोकेरिया, पण गिऱ्हाईक खूश तर आपण खूश), 25 ला मिरजेचे आपले काही मेंबर चर्चला असतात. मार्गशीर्ष चालू असेल तर गुरुवारी निम्म्या बायकांचा उपवास, म्हणजे जेवण ठेवून उपयोग नाही. दत्तजयंतीला अर्धी सांगली औदुंबरला नाहीतर नरसोबाच्या वाडीला जाते. लग्नाची मोठी तिथी असेल तर मंडपवाला फोनच उचलत नाही. आणि द्राक्षवाल्यांचं वेगळंच, सकाळी धुकं पडलं की दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येईल म्हणून ते फवारणीच्या मागं असतात, त्यांना दुपारच्या आधी बोलवायचंच नाही. हे सगळं कालनिर्णयवर पेनानं खोडत गेलं की 26 ते 30 मधला एखादा सोमवार, मंगळवार, बुधवार उरतो. तोच धरा. 31 चं कुणी सुचवलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

वेळ दुपारी तीन ते रात्री आठ. साडेसहापर्यंत अंधार पडतोय, साडेसातनंतर दव पडायला लागतंय आणि खुर्च्या ओल्या होतात. शिवाय कारखान्यांचा सीझन, पलूस-वाळवा-तासगावकडं परत जाणाऱ्यांना रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांना मागं लाल लाईट नाही. माणसं लवकर घरी गेलेली बरी.

बाग कुठली घ्यायची हे माणसं किती त्यावर ठरवा. सांगलीतली आमराई बाग मोठी आहे, जुन्या झाडांची सावली आहे. माणसं थोडी असली तर लहान उद्यान बरं पडतं, एका टोकाला बसलेल्याला दुसऱ्या टोकाचा आवाज ऐकू येतो. सांगली, मिरज, कुपवाड या तिन्हीची महापालिका 1998 पासून एकच आहे, पण म्हणून कुठल्याही ऑफिसात अर्ज टाकून चालत नाही, बाग कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर, महिनाभर आधी, आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: माणसं किती, जेवण बाहेरून येणार का तिथं शिजणार, स्पीकर आहे का, आणि मंडप कुठं टाकणार. स्पीकर असेल तर पोलीस स्टेशनची परवानगी वेगळी. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद हा नियम देशभरचा आहे, पण तुम्ही आठलाच बंद करा, झाडांवर पाखरं आलेली असतात. भाडं आणि अनामत भरली की पावती घ्या, आणि त्याच दिवशी बागेचे फोटो काढून ठेवा, तुटका बाक, फुटलेला नळ सगळं. आमच्याकडनं एकदा असा बाक भरून घेतलाय जो आम्ही यायच्या आधीच मोडलेला होता. फोटो नव्हता, बोलणार काय.

अजून एक, बाग सार्वजनिक आहे, तुम्ही भाडं भरलं म्हणून ती तुमची होत नाही. संध्याकाळी फिरायला येणारी आजोबा मंडळी त्यांच्या ठरलेल्या बाकावरच बसणार. आदल्या दिवशी जाऊन त्यांना सांगून या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहिला हुरडा त्यांना द्या. एवढं केलं की तक्रारीचा फोन जात नाही.

आता लॉन. माळीमामांना दोन दिवस आधी पाणी बंद करायला सांगा. नाहीतर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आपले जाड मेंबर बसले की मागचे दोन पाय रुततात आणि माणूस हळूहळू आकाशाकडं बघायला लागतो. पाणी बंद तर बंद, पण कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाणी द्यायचं, तेही त्यांना आत्ताच सांगून ठेवा. जाजम टाकायचं असेल तर दुपारी टाका, रात्री काढा, तिथंच राहिलं तर लॉन सिलेक्शन वन जातीची असो नाहीतर कुठलीही, पिवळी पडतेच. मंडपवाला पहार घेऊन खुंट्या ठोकायला लागला की तुम्ही स्वतः तिथं उभं राहायचं. स्प्रिंकलरची लाईन कुठून गेलीय ते माळ्यालाच माहीत असतं, म्हणून आधी माळ्याकडनं चुन्यानं लाईन आखून घ्या आणि मगच पहार. शक्यतो मंडप कडक जागेवर, फरशीवर टाका. झाडाला खिळा नाही, सुतळी चालेल. आणि "मधे येतीय" म्हणून कुणी फांदी छाटायला लागला तर त्याच्या हातातनं कोयता काढून घ्या, शहरातली झाडं जपायला 1975 चा कायदा आहे, आणि रोपं विकणाऱ्यांच्या कार्यक्रमात झाड तोडलं ही बातमी पेपरला किती आवडेल विचार करा.

स्टेजला फुलांची सजावट विकत घ्यायची म्हणजे लाज आहे. प्रत्येकानं स्वतःच्या नर्सरीतनं कुंड्या आणायच्या. डिसेंबरात शेवंती आणि लालपत्ती मस्त असतात. लालपत्ती म्हणजे पॉइनसेटिया, त्याची ती लाल दिसतात ती फुलं नाहीत, पानंच आहेत, आणि ती लाल व्हायला मोठी, सलग अंधाराची रात्र लागते. ज्यांच्या नर्सरीत रात्रभर बल्ब जळतो त्यांची झाडं डिसेंबरात पण हिरवीगार. एका मेंबरनं अशाच दहा हिरव्या कुंड्या आणल्या आणि वर "हे वेगळं व्हरायटी आहे" म्हणाला. सगळ्यांना माहीत होतं. थर्माकोलची अक्षरं नकोत, 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकच्या प्लेटा, कप, चमचे सगळं देशभर बंद आहे. पत्रावळी आणा. (वर्षभर काळ्या पिशवीत रोपं विकणाऱ्यांनी प्लॅस्टिकवर फार बोलू नये हेही खरं, म्हणून मी इथंच थांबतो.)

हुरड्याचं नीट ऐका. आगटी जमिनीवर नाहीच, लॉनवर नाही आणि झाडाच्या बुंध्याजवळ तर अजिबात नाही, वरच्या मुळ्या भाजतात आणि झाड लगेच मरत नाही, हळूहळू वाळतं, मग कुणाला कळतही नाही कशानं वाळलं. पार्किंगच्या मोकळ्या जागेत विटांवर अर्धा कापलेला लोखंडी ड्रम ठेवा, त्यात गोवऱ्या, आणि शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. परवानगीत जाळाचं लिहिलेलं पाहिजे. आतच जाळ नको म्हणाले तर वाद घालू नका, बाहेर भाजा आणि आत वाटा. कणसं सुरती किंवा गूळभेंडीची, सकाळीच काढलेली, आदल्या दिवशीची घेतली तर दाणा चिवट होतो. मागं जेवण असेल तर किलोभर दाण्यात सहासात माणसं होतात. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, लसणाचा ठेचा. आणि सांगलीत आहोत म्हणजे भडंग पाहिजेच, लोक यायच्या आधीच्या अर्ध्या तासात तोच कामाला येतो. जेवणाला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, कढी. पनीरच्या भाजीचा आग्रह धरणारा एक मेंबर दरवर्षी असतो, त्याला भाकऱ्या मोजायला बसवा.

आता या कार्यक्रमाचा खरा जीव, स्पर्धा. संगीतखुर्ची वगैरे बंद करा. आम्ही दोन स्पर्धा घेतो. एक पिशव्या भरायची. दहा मिनिटं, मातीचा ढीग, एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला नर्सरीत काम करणाऱ्या मावश्या. मालकांचं काय होतं सांगायला नको, गेल्या वेळी एक मालक अकराव्या पिशवीवर कंबर धरून उभा राहिला आणि त्याच्याच नर्सरीतल्या मावशी मान वर न करता चाळिशीच्या पुढं गेल्या होत्या. त्यानंतर म्हणे त्यांनी पिशवीमागचा दर वाढवून मागितला. बरोबरच आहे.

दुसरी गुलाबाचा डोळा भरायची, म्हणजे एका गुलाबाच्या फांदीवरचा कोंब दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बसवायची. थंडी ही याची वेळच आहे. प्रत्येकाला कुंडीतले दहा खुंट, एक चाकू, एक पट्टी. खुंटाच्या सालीला टी आकाराचा काप द्यायचा, साल चाकूच्या मागच्या बाजूनं अलगद उचलायची, डोळ्याची इंचभर ढाल आत सरकवायची, आणि पट्टी बांधताना डोळा मोकळा सोडायचा. वाचायला सोपं. पण गंमत निकालात आहे, त्या दिवशी निकाल लावायचाच नाही. खुंटांना नंबर लावून एकाच नर्सरीत सावलीत ठेवायचे आणि तीन आठवड्यांनी हिरवे राहिलेले डोळे मोजायचे. एका वर्षी जो पोरगा सगळ्यात आधी "झालं" म्हणून ओरडला त्याचे दहातले चार जगले, आणि चष्मा पुसत पुसत सगळ्यात शेवटी उठलेल्या काकांचे नऊ. बक्षीस डिनर सेट नको, चांगली सिकेटर (छाटणीची कात्री) द्या, माणूस रोज वापरतो.

रोपांची अदलाबदल ठेवणार असाल तर टेबलावर एक खडूस माणूस बसवा, भिंग देऊन. प्रत्येक रोप उलटं करून पानाची मागची बाजू आणि फांदीचा बेचका बघायचा, पांढरा कापूस दिसला की रोप बाजूला. आम्ही हे केलं नव्हतं तेव्हा एका जास्वंदीबरोबर मिलीबग, म्हणजे तीच पांढऱ्या कापसासारखी कीड, चार नर्सऱ्यांत फिरून आला. घेतलेलं रोप पण पंधरा दिवस वेगळं ठेवा, लगेच मदर प्लांटांच्या (ज्यांच्यापासून नवी रोपं करतो त्या झाडांच्या) शेजारी नेऊन ठेवू नका.

भाषणं तीन, पाच पाच मिनिटांची, आणि ती भाकरी वाढायच्या आधी संपली पाहिजेत. पाहुणे बाहेरचे असतील तर शाल-श्रीफळापेक्षा आपला बेदाणा आणि हळद द्या, बेदाण्याला 2016 ला आणि हळदीला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तेवढंच सांगायला विषय. बागेच्या माळ्यांचा सत्कार मात्र पहिला, आणि त्यांना जेवायला पहिल्या पंगतीला बसवा, शेवटी उरलंसुरलं डब्यात भरून नाही.

रात्री पत्रावळी आणि ताटातलं वेगळं करा, तेलकट-खारट बागेच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकू नका. राख थंड झाल्याशिवाय पोत्यात भरू नका. सकाळी माळीमामांबरोबर एक फेरी मारून अनामतीच्या कागदावर सही घ्या.

आणि कुंड्या. आणतानाच तळाला पेंटनं नाव टाका, वर नाही, तळाला. रात्री अंधारात सगळे आपापल्या टेम्पोत कुंड्या भरतात आणि चांगली शेवंती कुणाची होती हे कुणालाच आठवत नाही. माझ्या दोन कुंड्या अजून कुणाकडं तरी आहेत.