लिव्हिंग विल आणि मृत्युपत्र: शुद्धीत असताना करून ठेवायचे दोन कागद

मरणाचा विषय काढला की घरात "अभद्र बोलू नकोस" हे ऐकायला मिळतंच. पण रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात रेसिडेंट डॉक्टर फॉर्म पुढं करून "व्हेंटिलेटर लावायचा का, पटकन सांगा" म्हणतात, तेव्हा मुलगी म्हणते आता नको त्रास, मुलगा व्हिडिओ कॉलवरून म्हणतो काय वाट्टेल ते करा पण वाचवा, आणि आत जो माणूस पडलाय त्याला स्वतःला काय हवं होतं ते दोघांनाही माहीत नसतं. मग त्या रात्रीवरून भावंडं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

आधी एक गोंधळ दूर करू. कागद दोन आहेत. मृत्युपत्र आपण गेल्यावर लागू होतं, लिव्हिंग विल आपण जिवंत असताना पण बोलण्याच्या स्थितीत नसताना. उपचारांबद्दलची इच्छा मृत्युपत्रात लिहून ठेवली तर उपयोग शून्य, कारण ते उघडतात सगळं आटोपल्यावर.

लिव्हिंग विलला सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळं कुणी फारसं त्या वाटेला गेलंच नाही, जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं ते सोपं केलं. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो घरातले किंवा हितसंबंध असलेले नकोत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं, बस. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असायला हवं आणि कुणाचा दबाव नको.

पण नोटरीकडं जायच्या आधी माणूस ठरवा. आपल्या वतीनं निर्णय घेणारी एक किंवा जास्त नावं त्यात लिहिता येतात. माझं स्पष्ट मत, सगळ्यात लाडकं माणूस निवडू नका, डॉक्टरांसमोर आणि नातेवाइकांच्या रडारडीतही तुमचं म्हणणं धरून ठेवेल असं माणूस निवडा. आणि त्याच्याशी नीट बसून बोला. नाकातून नळी घालून अन्न चालेल का? डायलिसिस? हृदय बंद पडलं तर छाती दाबून पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा का? शेवटचे दिवस घरी की हॉस्पिटलमध्ये? हे बोलणं अवघड जातं, दोनतीनदा अर्धवट सुटतं, तरी सोडू नका, कारण कागदात सगळ्या शक्यता मावत नाहीत आणि उरलेलं त्या माणसालाच ठरवायचं असतं.

लिहिताना मोघम नको. "मला त्रास देऊ नका" यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही, आणि सूचना अस्पष्ट असतील तर मेडिकल बोर्ड, म्हणजे हॉस्पिटलनं नेमलेलं डॉक्टरांचं मंडळ, त्या अमलात आणत नाही. असं लिहा: "माझा आजार बरा होण्यासारखा नाही आणि मी निर्णय घेऊ शकत नाही अशी वेळ आली तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, नळीवाटे अन्न देऊ नये. वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावेत." ते शेवटचं वाक्य विसरू नका! उपचार थांबवणं म्हणजे माणसाला तळमळत टाकणं नव्हे, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी देखभाल, चालूच राहते. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आपल्याकडं बेकायदेशीर आहे, ते यात मागता येत नाही.

आणि कागद दाखवला की लगेच मशीन बंद असंही नसतं. हॉस्पिटलचं एक बोर्ड बघतं, मग दुसरं बोर्ड, दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती घ्यायची, मॅजिस्ट्रेटला कळवायचं, मग पुढं.

एक प्रत नेमलेल्या माणसाकडं, एक फॅमिली डॉक्टरकडं, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या कस्टोडियनकडं, म्हणजे हे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं. बँकेच्या लॉकरमध्ये अजिबात नको, फोनमध्ये फोटो ठेवा.

मृत्युपत्र त्यामानानं सरळ आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण वाद होतील असं वाटत असेल तर करून टाका. दोन साक्षीदार हवेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशय येतो. नॉमिनी टाकलाय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही असं बरेच जण धरून चालतात. बँकेतले पैसे नॉमिनीच्या हातात येतात, पण हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याचा. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, जुनी नावं एकदा तपासा, गेलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं असतं. मुलाला पॉवर ऑफ अॅटर्नी दिलीय म्हणून निर्धास्त असाल तर तीही मृत्यूबरोबर संपते.

अवयवदान किंवा देहदान करायचं असेल तर फॉर्म भरा पण घरच्यांना आधी सांगा, कारण ऐन वेळी संमती त्यांच्याकडंच मागतात.

मत बदललं तर लिव्हिंग विल कधीही रद्द करता येतं, फक्त तेही लेखी करायचं, आणि नवीन प्रत जुनी जिथं जिथं दिली होती तिथं सगळीकडं पोचवायची.