सागवानी सोफ्याला शोभणारा भिंतीचा रंग

नागपुरात बऱ्याच घरी बैठकीत सागवानाचा सोफा नि दिवाण असतो. पॉलिश केलेल्या सागाची झाक पिवळसर-तपकिरी असते. त्याच्यामागे पिवळट क्रीम लावलं की लाकूड भिंतीत विरून जातं आणि गुलाबी झाकेचा रंग लावला तर ते मळकट दिसतं. फिकट राखाडी-हिरवा किंवा थोडा करडेपणा असलेला पांढरा रंग निवडा, लाकूड उठून दिसेल. काळपट शिसवी फर्निचर असेल तर मात्र उबदार क्रीमच बरा.

शेडकार्डाच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नका, चार भिंतींवर तोच रंग जास्त गडद भासतो. 2 फूट बाय 2 फूट पुठ्ठ्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग सोफ्यामागे उभा करा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून पाहा. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पिवळा रंग भडक होतो, तर पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली सागाची ऊब जाते. 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे दिवे लावा.

कूलरजवळच्या भिंतीला डिस्टेंपर नको, ओलीने पोपडे येतात. तिथे धुता येणारं इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट हवा.

12 बाय 14 ची, 10 फूट उंच खोली असेल तर दारं-खिडक्या वगळून भिंती साधारण 460 चौरस फूट भरतात. दोन हातांना 4 लिटर लागेल. सगळा रंग एकदमच मिसळून घ्या, नंतर आणलेल्या डब्याची छटा जरा वेगळी निघू शकते.